भाड्याचा रकाना

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत आमचं शेड.
चोवीस माग, त्यातले बावीस चालू,
आणि मी, कुमठेकर,
एकतीस वर्षं टॉवेल किलोत लिहिणारा हिशेबनीस.

टॉवेल किलोवर जातो.
हे कुणी ठरवलेलं नाही,
तसं डाव्या हातानं जेवायचं नाही हेही कुणी ठरवलेलं नाही.

श्रीलता, शेठजींची धाकटी, केसांत सुताची तूस,
एका मंगळवारी म्हणाली, टॉवेल विकायचेच नाहीत.
दवाखान्यांना द्यायचे, आणायचे, धुवायचे, पुन्हा द्यायचे.
पैसे दर वापराचे.
दस्तगीर जॉबर पाना खाली ठेवून हसला.
मी हसलो नाही. एवढंच विचारलं :
लिहायचं कुठे?

जमा, नावे, वजन, दर.
परत येणारा माल माझ्या वहीत
खराब माल. त्याला लाल शाई.

मल्लेशम शेठ म्हणाले, चूद्दाम. बघू या.
त्यांच्या घरात हा शब्द
नाही म्हणायच्या कामी येतो.
या वेळी मात्र किती बघायचं तेही सांगितलं :
सहा महिने, बंद पडलेले दोन माग,
आणि बुडालं तर कुणी तोंड वर करून बोलायचं नाही.
हे शेवटचं मी कुठल्याच बाजूला मांडलं नाही.
मांडायला हवं होतं. भांडवलात.

अडवणारी माणसं वाईट नव्हती.
सुरतचा व्यापारी फोनवर गोड बोलला,
मग आमची उचल तेवढी परत करा म्हणाला.
बँकेतल्या साहेबांना तारण हवं होतं,
दवाखान्यात वाळत घातलेलं तारण त्यांना चालेना.
आणि धुणार कशात?
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
टँकरवाला आमचा चेहरा बघून दर सांगतो.
सगळ्यात मोठी अडचण म्हणजे
धंदा बरा चालला होता.
दिवाळीच्या तोंडावर बावीस माग पळतात तेव्हा
शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही.

अंबूबाई बोलली. शिलाईवर बसते,
टॉवेलाच्या कडा मुडपते, डझनावर मजुरी.
"टॉवेल टिकला तर नवे कमी.
नवे कमी तर माझे डझन कमी.
तुमच्या नव्या धंद्यात मी कुठं बसू, ताई?"
श्रीलताकडे तक्ते होते, रंगीत.
त्यात अंबूबाई नव्हती.
तीन आठवडे उत्तर नव्हतं.

त्यातच एकशे बारा टॉवेल हरवले.
एका दवाखान्यात फरशी पुसताना सापडले नऊ.
बाकीचे कुणाचे, आमचे की बाजारचे,
पांढऱ्यात पांढरं कसं ओळखावं?
दस्तगीर आता हसला नाही.
अंबूबाईनंच कडेच्या मुडपीत लाल दोऱ्यानं
आकडा घातला, खाली आपली खूण, एक बारीक फुली.
म्हणाली, "पन्नास धुण्यांत कड उसवली नाही
तर वरचे पैसे द्या. डझन राहू दे."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं.
मी वहीकडे.

त्या रात्री पट्टी घेतली,
वजन आणि दर यांच्यामध्ये रेघ मारली.
हात थरथरला, रेघ तिरकी गेली,
अजून तिरकीच आहे.
वर लिहिलं : फेऱ्या.

सहा महिने उलटून गेले. नफा म्हणावा असा नाही.
टँकर खातो. दोन दवाखाने सुटले, एक लॉज आला.
शेठजी अजून चूद्दामच म्हणतात,
फक्त आता पुढे विचारतात, "काल किती परत आले?"

काल एकशे सत्तेचाळीस नंबरचा आला,
एकाहत्तरावी फेरी.
सवयीनं काट्यावर टाकला :
वीस ग्रॅम कमी भरला.
लाल शाईचं पेन उचललं,
टोपण काढलं,
फुलीवरून अंगठा फिरवला. कड शाबूत.

टोपण लावलं.
अंबूबाईला हाक मारली,
तिचे वरचे पैसे
मोजून दिले.